मुलाणीकाकांचा एप्रिल

माझ्या फ्रीजचं दार माझ्याइतक्याच हक्काने उघडणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या घरात राहत नाही.

तो राहतो आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी मी डबे भरत असते, तव्यावर पोळी असते, आणि बेल वाजते. दोनदा आखूड, एकदा लांब. मुलाणीकाका दारात चपला काढतात, "बसत नाही, घाईत आहे" म्हणतात आणि सरळ स्वयंपाकघरात जातात. फ्रीज उघडतात. खालचा भाजीचा कप्पा ओढतात. दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर बाहेर काढून डोळ्यांजवळ धरतात आणि मग माझ्याकडे असं बघतात, जणू मी रात्रभर फ्रीज उघडा टाकून त्याच्यासमोर वारा घेत बसले होते.

"काल कोणीतरी दार जास्त वेळ उघडं ठेवलंय, वैशालीताई."

"काका, फ्रीज आहे तो. आम्ही उघडतो. त्यात जेवण असतं आमचं."

"उघडा ना, बिल्कुल उघडा. पण काय हवंय ते आधी ठरवा, मग उघडा, घ्या, बंद करा. दार उघडून विचार करत उभं राहायचं नाही. दार उघडलं की रोप मेलं."

एवढं सुनावून झालं की हा घाईतला माणूस खुर्ची ओढून चहा घेतो. माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, गुडघ्याचं विचारतो. मुलीच्या परीक्षेचं विचारतो. पोळी जरा जाड झाली असेल तर तेही सांगतो. माझी नेहमीची मेट्रो चुकते.

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे आणि आमच्या द्वारकेतल्या सोसायटीची सेक्रेटरीही आहे. दोन्हीकडची कामं मी याद्या करून उरकते. घरातही तेच. फ्रीजच्या दारावर कागद लावलेला आहे: वरचा कप्पा दूध-दही, मधला शिजवलेलं, खालचा भाजी. पाहुण्यांनाही कळतं. फक्त मुलाणीकाकांना कळत नाही, कारण त्यांच्या मते माझा खालचा कप्पा हा त्यांच्या शेताचा एक भाग आहे.

त्या कप्प्यात ओल्या वर्तमानपत्रात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली स्ट्रॉबेरीच्या रोपांची जुडी असते. नुसती मुळं, वर बोटभर सुकलेला कोंब. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, भाजीवाल्याने फसवलं. काकांच्या मते ती झोपलेली रोपं आहेत. आणि वर्तमानपत्र हिंदीच हवं. इंग्रजी वर्तमानपत्राचा कागद गुळगुळीत, तो पाणी पीत नाही म्हणे.

काका मूळचे वाईचे, पण नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत गेली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या मागच्या ओळीत राहायचे. मंत्रालयात ते केअरटेकर होते, म्हणजे खुर्च्या, पडदे, हीटर आणि कूलर यांचे मालक. तिथे उन्हाळा आपला आपण येत नसे. कूलर लावायचा आदेश निघाला की यायचा, आणि तो आदेश काकांच्या टेबलावरून जायचा. मार्चमध्ये एखादा अधिकारी घामाने डबडबून आला आणि म्हणाला, "मुलाणी, उन्हाळा सुरू झाला की हो", तर काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोण म्हणतं? लेखी आहे का?"

नोकरी सुटली, हा प्रश्न सुटला नाही. डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय. लेखी आहे का? होतं, रिपोर्ट समोरच होता, तेव्हा काकांनी त्यावर सही कोणाची आहे ते विचारलं.

निवृत्तीनंतर त्यांनी नजफगढच्या पलीकडे दोन बिघे जमीन भाड्याने घेतली आणि स्ट्रॉबेरी लावली. वाईच्या माणसाने दिल्लीत येऊन केकवरची स्ट्रॉबेरी विकत घ्यायची, हे त्यांना अपमानाचं वाटे. जुबेदाकाकू तेव्हा होत्या. त्या जॅम करायच्या आणि काकांना कह्यात ठेवायच्या. ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या नर्सरीतून बसने रोपं यायची, गादीवाफ्यांवर लागायची, डिसेंबरात फळ सुरू व्हायचं. मग काका रोज टोपली घेऊन घराघरांत फिरायचे. थोडी विकायची, बरीच वाटायची, प्रत्येक घरी चहा. होळीच्या सुमाराला ऊन तापलं की रोपं थकायची आणि हंगाम संपायचा. दिल्लीत स्ट्रॉबेरीचं असंच असतं. सगळ्यांचंच असतं.

काकू गेल्या, त्यानंतरच्या मार्चमध्येही हंगाम असाच संपला. आणि काका भडकले.

"संपला म्हणजे काय? असा कसा संपतो? लेखी आहे का कुठे, की होळीनंतर स्ट्रॉबेरी नाही?"

"काका, ऊन आहे. रोपाला कोण लेखी देणार?"

"आणि मग एप्रिलमध्ये माणसाने काय करायचं?"

"कलिंगड खायचं," मी म्हटलं. मला सोसायटीच्या टाक्या धुवून घ्यायच्या होत्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी पुस्तकं आणली, मोबाइलवर परदेशातल्या शेतांचे व्हिडिओ बघितले आणि ऑक्टोबरमध्ये एक सिद्धांत घेऊन आले. सगळी रोपं एकदम लावली की सगळी एकदम दमतात. म्हणून अर्धी आत्ता लावायची, उरलेली थंडीत झोपवायची. "झोपलेल्या माणसाला किती वाजले ते कळतं का? नाही ना? तसंच रोपाचं आहे. जानेवारीत उठवून लावलं की त्याला वाटतं, आत्ताच सकाळ झाली. सगळे मार्चमध्ये निवृत्त झाले तरी हे ताजंतवानं. वर हिरवी जाळी बांधली की एप्रिल आपला."

सिद्धांत चुकीचा नव्हता. मी नंतर वाचलं, जगात असं करतात. फक्त जगात त्यासाठी शीतगृह असतं, वैशाली जगतापचा भाजीचा कप्पा नसतो.

जुड्या आमच्या दहा-बारा घरांत वाटल्या गेल्या. प्रत्येक घरी एक थर्मामीटर. प्रत्येक घरी रोजची फेरी. जमिनीचे मालक चौधरीजी हे ऐकून म्हणाले होते, "बाबूजी, अप्रैल में तो यहाँ आदमी भुन जाता है, आपकी बेरी क्या चीज़ है!" काका म्हणाले, "लिखके दो." चौधरीजींनी हुक्का बाजूला ठेवून खरंच कागद शोधला होता.

तर, एप्रिलमध्ये फळ आलं. मी कोणावर अन्याय करणार नाही. शेंगदाण्याएवढं होतं, चिंचेसारखं आंबट होतं, पण आलं. काका भर उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून, एकेका बशीत चारचार फळं घेऊन घरोघर फिरले. मी एक खाल्लं आणि माझा उजवा डोळा आपोआप मिटला.

"गोड आहे ना?"

"काका, आंबट आहे."

"लेखी द्या," असं म्हणून ते समाधानाने चहाला बसले. पुढच्या वर्षी जुडी मोठी आली.

आता गेल्या वर्षीचं सांगते, कारण गेल्या वर्षी माझी सहनशक्ती संपली.

दिवाळीच्या आधी मी ओल्या नारळाच्या करंज्यांचं सारण ठेवायला फ्रीज उघडला, तर खालच्या कप्प्यात एकाच्या दोन जुड्या. काका चहाला बसलेलेच होते.

"काका, ही दुसरी कुठून आली?"

"खालच्या मजल्यावरच्या हरप्रीतकडे अमृतसरहून पाहुणे आलेत. तिची जुडी तात्पुरती इथे."

"मला न विचारता?"

"प्रकाशरावांना विचारलं. हो म्हणाले."

प्रकाश पेपर वाचताना सगळ्यालाच हो म्हणतो. त्याला कोणी किडनी मागितली तरी हो म्हणेल. मी सारण मधल्या कप्प्यात सरकवत होते, तेवढ्यात काकांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली.

"सफरचंद?"

"दिवाळीची पेटी आलीय ऑफिसातून."

"सफरचंद बाहेर! आत्ता! सफरचंदातून एक वायू निघतो, वैशालीताई, रोपं खराब होतात त्याने. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला हे सांगावं लागतं?"

म्हणजे माझ्या फ्रीजमधून माझीच सफरचंदं हद्दपार. ती बाल्कनीत गेली. तिथे कबुतरांनी दिवाळी केली.

मी हेही गिळलं. मग नोव्हेंबर आला, हरप्रीतचे पाहुणे गेले आणि तिची जुडी तिच्याकडे परत गेली. दिल्लीचा नोव्हेंबर म्हणजे खिडकीतून समोरची इमारत दिसली तर दिवस चांगला. प्रकाशचा खोकला सुरू झाला. मी दोन दिवस कामासाठी चंदीगडला गेले. जाताना यादी करून गेले होते: सूप कशाचं, गोळी कधी, वाफ कधी. परत आले तेव्हा प्रकाश सोफ्यावर प्रसन्न बसला होता.

"काकांचं औषध लागू पडलं बरं का!"

"कसलं औषध?"

"ती मुळं. खालच्या कप्प्यातली. काकांचं बोलणं मी कुठे ऐकतो, मला वाटलं खोकल्यासाठीच आणून ठेवलीत. आलं, तुळस घातली आणि उकळली. जरा तुरट लागतं."

मी कप्पा ओढला. जुडी अर्धी झाली होती. आणि नेमकी तेव्हा बेल वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब.

काकांनी जुडी हातात घेतली, उलगडली, परत गुंडाळली. गॅसवर पातेलं होतं, त्यात डोकावले. मग प्रकाशकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, "यांनी माझा एप्रिल प्यायला."

"काका, चुकून झालं हो," प्रकाश म्हणाला. "पण खोकला खरंच कमी झालाय."

"लेखी द्या!" काका ओरडले आणि चहा न घेता गेले. असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवीन जुडी घेऊन हजर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माणसाचा आदर करते, वयाचा करते, शेतीचाही करते. पण माझा नवरा माझ्या फ्रीजमधलं काय खाऊ शकतो आणि काय नाही, याची भीती मला वाटायला लागली होती. हरप्रीतची तीच कथा. तिच्या सासूने तर एका जुडीला रोज उदबत्ती ओवाळायला सुरुवात केली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण मुलाणीसाहेब रोज येऊन इतक्या काळजीने बघतात म्हणजे काहीतरी पवित्र असणार, असा तिचा हिशेब.

मी रविवारी सोसायटीची बैठक बोलावली. विषय एकच: रोपांची सोय. हॉलमध्ये काचेच्या दाराचा मोठा फ्रीज पडून होता, लग्नकार्यात थंड बाटल्या ठेवायचा. मी तो आधीच दुरुस्त करून, धुवून, थर्मामीटर लावून ठेवला होता.

काका उभे राहिले. "सगळी रोपं एका जागी? पानिपतला काय झालं? सगळे एका जागी अडकले आणि रसद तुटली. इथे लाईट गेली की पानिपत होईल माझं."

"हॉलला जनरेटर आहे, काका. आपल्या घरांना नाही."

"कोणी आत बाटल्या ठेवल्या तर?"

"कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे."

"असं तोंडी बोलून—"

"लेखी ठराव आहे," मी म्हटलं आणि कागद पुढे केला. सगळ्यांच्या सह्या होत्या. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. हरप्रीतने शिट्टीसुद्धा मारली.

काकांनी कागद वाचला. दोनदा वाचला. आयुष्यभर मागितलेली वस्तू अखेर कोणीतरी हातात दिली होती. "बिल्कुल," ते म्हणाले. "उत्तम व्यवस्था. सेक्रेटरी असावी तर अशी." संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांतल्या जुड्या हॉलमध्ये गेल्या. किल्ली त्यांनी रुमालात बांधली.

सोमवारी मला मेट्रो मिळाली. मंगळवारीही. खालच्या कप्प्यात मी मटार भरले, लाल गाजरं भरली, सफरचंदं सन्मानाने परत आणली. फ्रीजच्या दारावरचा कागद पुन्हा खरा झाला. मला फार बरं वाटलं.

"आज काका नाही आले?" प्रकाशने बुधवारी विचारलं.

"कशाला येतील? काम काय आहे त्यांचं इथे?"

गुरुवारीही त्याने विचारलं. एक गोष्ट मात्र खटकत होती. मी रोज तीन कप चहा टाकत होते. मुलगी दूध पिते, आम्ही दोघं, म्हणजे कप दोन. सवयीने तिसरा टाकायचा, मग तो ओतून द्यायचा. माझ्यासारख्या बाईच्या घरात रोज एक कप चहा मोरीत जातो, हे मला अजिबात पटेना.

शनिवारी कप्पा पुसताना मागच्या कोपऱ्यात त्यांचा थर्मामीटर सापडला. ज्याची वस्तू त्याला द्यावी, म्हणून दुपारी समोरच्या इमारतीत गेले. काकू गेल्यावर भेटायला गेले होते, त्यानंतर मी तिथे गेले नव्हते. तेच तर येत असत.

दार उघडून काका क्षणभर ओळख न पटल्यासारखे उभे राहिले. मग एकदम गडबडले. "या, या. बसा. तिथे नको, ती खुर्ची डुगडुगते. चहा टाकतो. रोपं ठीक आहेत हं, रोज बघतो हॉलमध्ये जाऊन. कोणी नसतं तिथे, शांत असतं एकदम. दूध तेवढं काढता का फ्रीजमधून?"

मी फ्रीज उघडला.

दोन दारांचा, माझ्या फ्रीजपेक्षा दीडपट मोठा. लख्ख पुसलेला. वरच्या कप्प्यात दुधाची पिशवी. मधल्या कप्प्यात वाटीभर वरण आणि अर्धं लिंबू. बाकी सगळा रिकामा. खालचे दोन्ही भाजीचे कप्पे ओढून बघितले, तेही रिकामे, आणि एका कप्प्यात दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर. पारा अगदी हवा तिथे. सगळ्या सोसायटीच्या जुड्या त्यात ठेवून वर माझी सफरचंदंही मावली असती.

मी दार उघडं ठेवून विचार करत उभी राहिले. काका काही बोलले नाहीत.

"जुबेदाने घेतला होता," पातेल्यात पत्ती टाकत ते म्हणाले. "ईदला लोक यायचे ना. तिला छोटा पुरायचा नाही."

"काका, मग रोपं इथेच का नाही ठेवलीत?"

त्यांनी गॅस बारीक केला. चहा ढवळला. ढवळायला त्यात अजून साखरही नव्हती.

"इथे दार कोण उघडतं, वैशालीताई? मी दिवसातून एकदा, दुधासाठी. अशा फ्रीजमध्ये रोपं... रोपांना जरा घरात जाग लागते. दार उघडावं, बंद व्हावं, कोणीतरी बोलावं आजूबाजूला."

तीन वर्षं हा माणूस आम्हाला दार उघडण्यावरून बोलत होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी चहा प्यायले. त्यांनी साखर दोनदा घातली होती.

जिना उतरताना मी संतापले होते. कोणावर, ते नीट ठरलं नव्हतं. सरळ हॉलमध्ये गेले, काचेच्या फ्रीजकडे बघितलं आणि तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: हॉलमधला फ्रीज आवाज करतो, वीज खातो, दाराचं रबर सैल आहे. रोपांना धोका. प्रत्येकाने आपापली जुडी आजच घरी न्यावी. सेक्रेटरी.

हरप्रीतचा लगेच फोन. "अरे यार वैशाली, ठराव तूच केलास ना?"

"बदलला."

"कब?"

"आत्ता."

"लिखके दे," ती म्हणाली आणि खो खो हसली. पण थोड्या वेळाने हॉलमध्ये आलेली पहिली बाई तीच होती. सासूने पाठवलं होतं. उदबत्तीची जागा रिकामी वाटते म्हणे.

काकांना किल्ली घेऊन बोलावलं. ते आले, कुलूप उघडलं आणि बाजूला उभे राहून एकेक जुडी जाताना बघत राहिले. "रबर सैल आहे?" त्यांनी हळूच विचारलं. "मला तर ठीक वाटलं होतं."

"लेखी आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब. "बसत नाही, घाईत आहे," म्हणत काका आत आले. मी पोळी लाटत होते, मागे वळले नाही. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. कप्पा ओढल्याचा आला. आणि मग संपूर्ण घर हललं.

"वैशालीताई! सफरचंद! जुडीला चिकटून सफरचंद ठेवलंय! शिकलेली माणसं तुम्ही, तीन वर्षं सांगतोय मी! कोणी ठेवलं हे?"

"अरेरे. बसा, प्रकाशला विचारते हं," मी म्हटलं आणि तिसरा कप ओट्यावर मांडला.

सफरचंद मीच ठेवलं होतं.